पदपराद्शा घेताय? आधी खडा दुकानाच्या लाइटमधून बाहेर काढा

साखरपुड्याला हिरा नको, पदपराद्शा म्हणजे तो गुलाबी-नारिंगी नीलम हवा असं म्हणणारे आता आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातही भेटायला लागलेत. २०१८ ला ब्रिटनच्या राजकुमारी युजीनीच्या साखरपुड्याच्या अंगठीत हा खडा होता, आणि हल्ली तर इन्स्टावर गुलाबी-नारिंगी जे काही चमकतं ते सगळं पदपराद्शाच असतं. मी रत्नशास्त्र शिकलेय म्हणून ओळखीतले लोक खडा नाहीतर निदान त्याचा फोटो दाखवायला येतात. फोटो बघून मी काही सांगत नाही, का ते पुढे येईलच.

एक आधीच डोक्यात बसवून घ्या, दुकानात उभ्या उभ्या तुम्ही खडा नापास करू शकता, पास करू शकत नाही. पास करायचं काम रत्नं तपासणाऱ्या लॅबचं. तेव्हा खाली जे सांगतेय ते नको ते खडे बाहेर काढण्यासाठी, आणि ह्यातून जो टिकेल त्याच्यावरच लॅबची फी घालवा.

आता रंग. हा खडा कुरुंद आहे, म्हणजे माणिक आणि नीलमच्याच घरातला. क्रोमियममुळे गुलाबी येतो आणि पिवळा-नारिंगी येतो तो लोहामुळे किंवा स्फटिकाच्या आतल्या बारीक दोषांमुळे, आणि हे दोन्ही एकाच खड्यात हलक्या हाताने जमून यावं लागतं म्हणून दुर्मिळ. श्रीलंकेचा माल सगळ्यात जुना आणि नावाजलेला, शिवाय मादागास्कर, टांझानिया, व्हिएतनाम. मोठ्या लॅब्सनी एकत्र बसून केलेली व्याख्या अशी आहे की रंग गुलाबीसर नारिंगी ते नारिंगीसर गुलाबी ह्यामध्येच हवा, फिका ते मध्यम हवा, आणि तो साध्या दिवसाच्या उजेडात तसा दिसायला हवा. खाण कुठल्याही देशातली चालते. तपकिरी झाक आली की गेला, टांझानियाच्या उंबा भागातले गडद, तपकिरीकडे झुकणारे खडे पण ह्याच नावाने खपवतात, छान असतात पण ते पदपराद्शा नव्हेत असं माझं स्पष्ट मत.

हे सगळं ऐकून डोळ्यासमोर काहीच येत नसेल तर अबोलीचा गजरा आठवा. ताज्या अबोलीत जसा केशरी कुठे संपतो आणि गुलाबी कुठे सुरू होतो ते बोट ठेवून दाखवता येत नाही, तसं व्हायला हवं. खडा बघून तुमच्या तोंडून पटकन "गुलाबी" आलं तर तो पिंक सफायर म्हणजे गुलाबी नीलम, "केशरी" आलं तर ऑरेंज सफायर. दोन्ही चांगलेच, फक्त भाव पदपराद्शाचा देऊ नका.

आणि उजेड! अर्धी फसगत इथे होते आणि त्यात दुकानदार खोटं बोललेला असतोच असंही नाही. गोखले रोड, राम मारुती रोड, वाशीचं सेक्टर १७, कुठेही जा, काउंटरवर पिवळसर एलईडी असतात कारण सोनं त्यात खुलतं. त्याच पिवळ्या उजेडात साधा गुलाबी नीलमही नारिंगीकडे सरकतो. म्हणून खडा चिमट्यात धरून दरवाज्यापर्यंत न्यायचा. "मॅडम, आत बघा ना, बाहेर ऊन आहे" म्हणतील, तर "दादा, तुम्ही पण चला सोबत, दोन मिनिटं" म्हणायचं आणि चालू लागायचं. थेट उन्हात नको, सावलीत, सकाळी दहा ते दुपारी तीनच्या मध्ये, खाली पांढरा साधा कागद. ज्या पुडीत खडा ठेवतात तिच्या आत कधी कधी रंगीत कागद असतो, त्यावर ठेवून बघू नका, आणि तुमचा कुर्ता लाल-केशरी असेल तर त्याचाही रंग खड्यात उतरतो. पावसाळ्यात ढगांमुळे उजेड निळसर असतो आणि खडा जरा जास्त गुलाबी दिसेल, त्याला घाबरू नका, पण त्यातही थोडा नारिंगी उरलाच पाहिजे. फोटोचं म्हणाल तर मोबाइलचा कॅमेरा पांढरा रंग स्वतःच्या मनाने ठरवतो, एकच खडा दोन फोनवर दोन रंगांचा निघतो, मग फोटो बघून मी काय सांगणार.

पुढे खडा तोंड वर करून धरा आणि हळूहळू डावीकडे-उजवीकडे, तुमच्याकडे-पलीकडे असा कलवा. रंग एकसारखा राहायला हवा. काही खड्यांत अर्धा भाग गुलाबी आणि एका कोपऱ्यात पिवळा पट्टा असतो, पैलू पाडणारा हुशार असेल तर तो पट्टा खाली टोकाशी ठेवतो म्हणजे वरून सगळा खडा मिक्स दिसतो. थोडं चालतं, पण नुसत्या डोळ्यांनी दोन रंग वेगळे दिसत असतील तर लॅब ते नाव देत नाही. मग लूप, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारं छोटं भिंग घ्या आणि चिरा शोधा. मी एकदा एक खडा बघितला होता, वरून सुरेख अबोली, लूपखाली कडेपासून आत गेलेली एक चीर आणि चिरेत गंजासारखा पिवळा-तपकिरी डाग. खड्याचं अंग सगळं गुलाबी, नारिंगी यायचा तो त्या डागातून परावर्तित होऊन. हा डाग नैसर्गिक असतो, जमिनीतल्या लोहाचा, पण त्याच्यावर रंग अवलंबून असेल तर तो पदपराद्शा धरत नाहीत. डाग ॲसिडने निघतो, मग उरतो गुलाबी नीलम.

बंद कोंदणातला खडा असेल तर हे काही करता येत नाही, खाली रंगीत पत्रा लावलाय की काय तेही कळत नाही. सुटा खडा मागा, देत नसतील तर उठा.

काच, अमेरिकन डायमंड, मॉर्गनाइट, स्पिनेल, गार्नेट वगैरे नकली किंवा वेगळे खडे ओळखणं त्या मानाने सोपं. खड्यात उजेड किती वळतो ते मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर असलेल्या कुणाकडेही कुरुंद १.७६ ते १.७७ दाखवतो. डायक्रोस्कोप म्हणून एक बोटभर नळी मिळते, ऑनलाइन स्वस्तात येते, त्यातून फिरवून फिरवून बघितलं की खऱ्या कुरुंदात दोन शेजारी चौकोनांत वेगवेगळ्या छटा दिसतात, एक गुलाबीकडे, एक पिवळसर नारिंगीकडे. काच, अमेरिकन डायमंड, स्पिनेल, गार्नेट ह्यांत दोन्ही चौकोन सारखेच.

पण लॅबमध्ये बनवलेला कुरुंद ह्या दोन्ही टेस्ट आरामात पास होतो कारण तो कुरुंदच आहे. व्हर्नुई नावाच्या फ्रेंच माणसाने ज्वाळेत माणिक बनवायची पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली, तेव्हापासून हे चालूच आहे. त्यात लूपखाली किंवा मायक्रोस्कोपखाली वक्र रेषा आणि गोल बुडबुडे शोधतात. नैसर्गिक खड्यात रेशमासारख्या बारीक सुया, बोटाच्या ठशासारखी जाळी, छोटे स्फटिक असं काहीतरी असतंच बहुतेक. पाच-सहा कॅरेटचा, आत एक ठिपका नाही आणि स्वस्तात देतायत असं झालं तर मी लूपही काढत नाही.

खरा घोळ बेरिलियम ह्या धातूचा. २००२ च्या सुरुवातीला जगभरच्या व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं की थायलंडच्या चांथाबुरीतून अचानक पदपराद्शा रंगाचे खडे ढिगाने येतायत. भट्टीत साध्या गुलाबी नीलमसोबत क्रायसोबेरिल नावाचं खनिज टाकायचे, त्यातलं बेरिलियम साधारण १८०० अंश सेल्सिअसला खड्यात शिरायचं आणि नारिंगी चढायचा. काही खड्यांत द्रवात बुडवून बघितलं की कडेने नारिंगी साल आणि आत गुलाबी गाभा असं चक्क दिसतं. पण बेरिलियम पार आतपर्यंत गेलं असेल तर तेही दिसत नाही, लेझरने अगदी सूक्ष्म कण उडवून मोजणारं मशीनच लागतं, आणि ते गल्लीतल्या तीनशे-चारशे रुपयांच्या कार्डवाल्या लॅबकडे नसतं. म्हणून कार्डवर "नॅचरल सफायर" एवढंच असेल तर त्यावर भरवसा ठेवू नका, ते खोटं नसतं, अपुरं असतं. नुसतं तापवलेला खडा वेगळा, तो चालतो, फक्त न तापवलेल्यापेक्षा बराच कमी भावात मिळायला हवा.

दुसरा घोळ नवा आहे. २०१६ च्या शेवटी मादागास्करमध्ये आंबातोंद्राझाकाजवळ मोठा साठा सापडला, तिथल्या काही खड्यांचा नारिंगी उजेडात उडतो आणि काही आठवड्यांत गुलाबी उरतो. खडा अस्सल, न तापवलेला, तरी रंग पळतो! लॅबवाले आता हे तपासतात. तुम्हाला झलक बघायची तर आधी दिवसाच्या उजेडात खडा नीट बघून ठेवा, मग युव्ही टॉर्च पाचदहा मिनिटं त्यावर धरा. टॉर्च चालू असताना लालसर-नारिंगी चमकेल, ते क्रोमियमचं, त्यावर जाऊ नका. टॉर्च बंद करून परत त्याच उजेडात बघा. आधीपेक्षा ठळक नारिंगी झाला असेल तर रंग अस्थिर आहे, काही तास कडक उजेडात ठेवला की परत उतरेल.

रिपोर्ट घेताना जीआयए, एसएसईएफ, ग्युबेलिन ह्या दर्जाच्या लॅबचा मागा, आणि नंबर स्वतःच्या फोनवर लॅबच्या साइटवर टाकून बघा, दुकानदाराने पाठवलेल्या लिंकवर नाही. मग काट्यावर वजन करा. रिपोर्टवर १.४२ आणि काट्यावर १.३९ आलं तर खडा तोच आहे का हे विचारा. लांबी-रुंदीही जुळवा. रिपोर्ट खूप जुना असेल तर रंगाची स्थिरता तपासली होती का ते कळत नाही, नवीन करून घ्या. एका लॅबने पदपराद्शा म्हटलेल्या खड्याला दुसरी नुसतं "पिंकिश ऑरेंज सफायर" म्हणते असंही होतं, काठावरचे रंग असतात, त्यात कुणी चोर नाही, पण मग भावही काठावरचाच द्या.

ग्रहाचं विचाराल तर नवरत्नांत ह्याला जागा नाही, कुणी शुक्राचा म्हणून सव्वा पाच रत्ती घालायला सांगत असेल तर त्याच्याच ओळखीच्या दुकानातून घेऊ नका एवढंच म्हणेन. आणि भाव रत्तीत सांगितला तर कॅरेटमध्ये करून मागा, प्रत्येकाची रत्ती वेगळी असते.

पैसे देताना बिलावर नुसतं "रंगीत खडा" नको. नैसर्गिक कुरुंद, पदपराद्शा, तापवलेला की न तापवलेला, बेरिलियम नाही, वजन, रिपोर्ट नंबर, आणि दुसऱ्या लॅबने वेगळं सांगितलं तर अमुक दिवसांत पूर्ण पैसे परत, हे सगळं हाताने का होईना पण सही-शिक्क्यासकट लिहून घ्या. लिहायला कां-कू करतात तिथे मी खडा परत पुडीत ठेवते.