कॉलेजच्या कोर्सचा अभ्यासक्रम कसा आखावा: आधी परीक्षा, मग घटक

संलग्न महाविद्यालयात मुख्य विषयांचा अभ्यासक्रम विद्यापीठाचं अभ्यास मंडळ ठरवतं. पण सर्टिफिकेट कोर्स आणि रोजचं अध्यापन नियोजन बहुतेक वेळा विभागाकडेच असतं. समजा, धुळ्यातल्या एखाद्या कॉलेजचा भूगोल विभाग 'खान्देशातलं पाणी: फड ते ठिबक' हा २ क्रेडिटचा कोर्स काढतोय. फड म्हणजे नदीवरच्या बंधाऱ्याचं पाणी पाटाने शेतांच्या गटांना वाटून देण्याची जुनी पद्धत; अशा एका गटालाही फडच म्हणतात.

समोर कोण बसणार ते आधी पाहा. कुणाच्या घरी अहिराणी, कुणाच्या पावरी. कुणी साक्रीहून एसटीने येतं, कुणी शिरपूरहून. मागच्या वर्षीच्या मुलांशी अर्धा तास बोला. घरी शेती आहे का, पाणी कुठून येतं, पाळी कशी लागते? बारे देण्यात, म्हणजे पिकाला पाणी भरण्यात, हात मुरलेली मुलं वर्गात असतील, तर त्यांच्याकडचं ज्ञान अभ्यासक्रमात यायला हवं.

कोर्स संपल्यावर मुलांना काय करता येईल, ते तीन वाक्यांत लिहा. 'सिंचनाची संकल्पना समजून घेणे' हे तपासता येत नाही. त्याऐवजी असं लिहा: विहिरीची पाणीपातळी मोजून सत्राच्या सुरुवातीची आणि शेवटची नोंद ताडता येईल. ठिबकच्या ड्रिपरमधून, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोटीतून, तासाला किती पाणी पडतं ते मोजता येईल. पांझरा नदीकाठच्या फड पद्धतीतलं पाणीवाटप नकाशा काढून समजावता येईल.

आता मूल्यमापन ठरवा, घटक नंतर. बहुतेक अभ्यासक्रम इथेच फसतात. संदर्भग्रंथाच्या अनुक्रमणिकेवरून चार घटक उतरवले जातात आणि परीक्षेचा विचार शेवटी होतो. हा क्रम उलटा करा. प्रत्येक वाक्यासाठी एक काम ठरवा. ड्रिपरचंच घ्या. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरखाली मोजपात्र ठेवलं, तर १५ मिनिटांत साधारण १ लिटर पाणी जमायला हवं. कमी जमलं तर ड्रिपर चोंदलाय, फिल्टर तुंबलाय की लॅटरलमध्ये, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या नळीत, दाब कमी पडतोय? विद्यार्थ्याने लाइनच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी मोजावं, कारण शोधावं आणि एका पानात लिहावं. मोजमापाला, कारणाला आणि लेखनाला वेगळे गुण द्या. म्हणजे मराठी लिहिताना अडखळणाऱ्या मुलाचं अचूक मोजमाप वाया जात नाही.

एवढं ठरलं की घटक आपोआप पुढे येतात: दाब, गाळणी, पिकाची पाण्याची गरज. फडाच्या नकाशासाठी बंधारा, पाट आणि एका फडात एकच पीक घेण्यामागचं कारण शिकवावं लागेल. जे कोणत्याच कामाला लागत नाही ते काढून टाका. तापीच्या खचदरीचा भूशास्त्रीय इतिहास शिकवायला मला मनापासून आवडतो, तरी या कोर्समध्ये त्याला एका तासापेक्षा जास्त जागा देऊ नये.

तासांचा हिशेब मांडा. व्याख्यानांचे १५ तास म्हणजे १ क्रेडिट; प्रात्यक्षिक किंवा क्षेत्रकार्याला त्यासाठी ३० तास लागतात. म्हणून अर्धा कोर्स शेतात असेल तर २ क्रेडिटचे ४५ तास होतात. मग कॅलेंडर समोर घ्या. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणीला मजूर मिळत नाहीत आणि मुलांना घरी थांबावं लागतं. दत्त जयंतीला सारंगखेड्याची यात्रा असते, तर सातपुड्यातली मुलं होळीला गावी जातात. या आठवड्यांत चाचणी लावू नका, घरच्या शेतात करता येईल असं मोजमाप द्या. पांझरेकाठची सहल मात्र पाट वाहता असतानाच काढा.

वाचायला थोडं द्या, पण ते ग्रंथालयात मिळायला हवं. जिल्हा गॅझेटिअरमधला सिंचनाचा भाग आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेची तालुक्याची माहिती सुरुवातीला पुरेशी आहे.

विद्यार्थ्यांसाठी वेगळी दोन पानं करा. मंजुरीचा मसुदा मुलांच्या हाती देऊन उपयोग नाही. कोणत्या आठवड्यात काय, कशाला किती गुण, काम उशिरा दिलं तर काय आणि शिक्षक कधी भेटतील, एवढं सोप्या मराठीत असावं. भेटीची वेळ शेवटच्या एसटीच्या आधीची ठेवा.

मसुदा वरच्या मंजुरीला धाडण्याआधी दुसऱ्या विषयाच्या सहकाऱ्याला आणि पास झालेल्या एका विद्यार्थ्याला वाचायला द्या. पहिली बॅच संपली की बहुतेक मुलं ज्या कामात अडली त्याला एक तास वाढवा, आणि तो कोणत्या घटकातून काढला तेही आराखड्यात लिहून ठेवा.