एमबीबीएसचा अर्ज, पसंतीक्रम आणि पुढची साडेपाच वर्षे

पुरेसे गुण असूनही महाराष्ट्रात एमबीबीएसचा प्रवेश निसटतो, तेव्हा त्याचे कारण सहसा एखाद्या दाखल्यात किंवा घाईघाईने भरलेल्या पसंतीक्रमात सापडते. नीटचा अभ्यास कसा करावा हे सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून तो विषय येथे घेतलेला नाही. अर्ज कोठे व कसा करावा, कॉलेजांचा क्रम कशाच्या आधारे लावावा आणि प्रवेशानंतर विद्यार्थ्याच्या वाट्याला कोणते जगणे येते, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे. यातला शेवटचा मुद्दा बहुतेक घरांत प्रवेश झाल्यावर विचारात घेतला जातो. माझ्या मते तो पसंतीक्रम भरण्याच्या आधीच घ्यायला हवा.

नीटचा अर्ज

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हे विषय असणे, पहिल्या तीन विज्ञान विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के व मागास प्रवर्गांना ४० टक्के गुण असणे आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण होणे, या मूळ अटी आहेत. २०२५ पासून प्रश्नपत्रिका पुन्हा १८० प्रश्नांची आणि १८० मिनिटांची झाली. एकूण गुण ७२०, बरोबर उत्तराला ४ आणि चुकलेल्या उत्तरासाठी १ गुण वजा. जीवशास्त्राचे ९० प्रश्न असल्याने निम्मे गुण तेथेच असतात. परीक्षा मराठीतूनही देता येते. मात्र पुढचे सगळे शिक्षण इंग्रजीतून होते, हे ध्यानात ठेवून भाषा निवडावी.

अर्जातला सर्वांत नाजूक रकाना प्रवर्गाचा असतो. नीटच्या अर्जात ओबीसी म्हणजे केंद्राच्या यादीतील ओबीसी. राज्याच्या यादीत असलेली जात केंद्राच्या यादीत असेलच असे नाही. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) हा प्रवर्ग तर राज्याच्या कायद्याने निर्माण झालेला असल्यामुळे नीटच्या अर्जात त्याला स्थान नाही. तो हक्क पुढे राज्याच्या अर्जात सांगायचा असतो. केंद्रासाठीचे नॉन-क्रीमीलेअर आणि ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र वेगळ्या नमुन्यात लागते, त्यामुळे सेतू केंद्रात अर्ज देताना राज्याचा नमुना हवा की केंद्राचा हे स्पष्ट सांगावे, आणि अखिल भारतीय कोट्यातही आरक्षण घ्यायचे असेल तर दोन्ही काढून ठेवावेत.

कागदपत्रे

राज्याच्या कोट्यासाठी सर्वसाधारण नियम असा आहे की विद्यार्थ्याने दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण केलेली असावी आणि त्याच्याकडे अधिवास प्रमाणपत्र असावे. काही अपवाद माहितीपुस्तिकेत दिलेले असतात. याखेरीज राष्ट्रीयत्वाचा पुरावा, दोन्ही गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, नीटचे प्रवेशपत्र व गुणपत्र, ठरलेल्या नमुन्यातील वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला आणि मध्ये वर्ष गेले असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र लागते.

आरक्षित प्रवर्गाच्या विद्यार्थ्यांना जातीच्या प्रमाणपत्राबरोबर जात वैधता प्रमाणपत्र हवे, आणि खरी धावपळ याचीच होते. पडताळणी समितीकडे प्रकरण अकरावीतच दाखल करावे. समिती वडिलांचे, आजोबांचे आणि जमल्यास त्यांच्याही आधीच्या पिढीचे शाळेचे किंवा महसुली पुरावे पाहते. एका कागदावर ‘दत्तात्रय’ आणि दुसऱ्यावर ‘दत्तात्रेय’, एका जागी आडनाव आणि दुसऱ्या जागी नुसतेच वडिलांचे नाव, अशा किरकोळ वाटणाऱ्या तफावतींवर त्रुटी निघते आणि ती दूर करायला प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील नोंद किंवा मूळ शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणावा लागतो. घरातल्या सख्ख्या भावंडाला किंवा वडिलांना आधीच वैधता मिळालेली असेल, तर त्याची प्रत सर्वांत वर लावावी. काम पुष्कळ सोपे होते. निकालानंतर हे सुरू करणाऱ्यांना कागद वेळेत मिळेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

प्रवेशाचे दोन मार्ग

शासकीय आणि महानगरपालिकांच्या कॉलेजांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि त्या केंद्राच्या एमसीसीमार्फत (मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) भरल्या जातात. उरलेल्या ८५ टक्के जागा आणि राज्यातील खासगी कॉलेजांच्या जागा राज्य सीईटी कक्ष भरतो. नागपूरच्या एम्ससारख्या केंद्रीय संस्था आणि सर्व अभिमत विद्यापीठे एमसीसीकडेच आहेत. पुण्याच्या एएफएमसीसाठीही (सशस्त्र दलांचे वैद्यकीय महाविद्यालय) नोंदणी एमसीसीवरच करावी लागते, पण त्यानंतर त्यांची स्वतंत्र चाचणी, मुलाखत आणि लष्करी वैद्यकीय तपासणी असते. एमसीसीची आणि राज्य सीईटी कक्षाची या दोन नोंदण्या पूर्णपणे वेगळ्या आहेत. एक केली म्हणजे दुसरी आपोआप होत नाही. अभिमत विद्यापीठांचा पर्याय उघडताना २ लाख रुपयांची परतावायोग्य अनामत भरावी लागते, तर नुसत्या अखिल भारतीय कोट्यासाठी ती खुल्या प्रवर्गाला १० हजार आहे. अभिमत विद्यापीठांचे वार्षिक शुल्क परवडणार नसेल, तर उगाच ‘राहू दे पर्याय’ म्हणून ही रक्कम अडकवू नये.

जुन्या सल्ल्यांविषयी एक सावधगिरी: मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र अशी ७०:३० ची विभागवार विभागणी २०२० मध्येच रद्द झाली आहे. तरीही ‘तुला त्या विभागातले कॉलेज लागणार नाही’ असे सांगणारे नातेवाईक आजही भेटतात.

पसंतीक्रम

संगणक गुणवत्ता यादीतील क्रमाने एकेक विद्यार्थी घेतो आणि त्याच्या यादीत वरून खाली जात, त्याला मिळू शकणारी पहिली जागा देतो. म्हणजेच गेल्या वर्षीच्या कटऑफपेक्षा वरचे कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकल्याने खालच्या कॉलेजची संधी तिळमात्र कमी होत नाही. ‘मिळणारच नाही, मग कशाला टाकायचे’ हा विचार म्हणूनच चुकीचा आहे. याउलट, जेथे जायचेच नाही असे कॉलेज यादी लांबवण्यासाठी टाकणे महागात पडते, कारण ते मिळाले की नंतरच्या फेऱ्यांत अनामत, पात्रता किंवा दोन्ही पणाला लागतात.

राज्याच्या फेऱ्यांत ‘स्टेटस रिटेन्शन’ नावाचा छोटासा अर्ज असतो. मिळालेल्या जागेवर विद्यार्थी समाधानी असेल तर तो भरून द्यायचा. मग पुढच्या फेरीत त्याचा विचार होत नाही. तो भरला नाही आणि पुढच्या फेरीत वरच्या पसंतीचे कॉलेज लागले, तर आधीची जागा त्याच क्षणी दुसऱ्याकडे जाते आणि ‘मला जुनीच बरी होती’ म्हणण्याची सोय राहत नाही. म्हणून बेटरमेंटसाठी, म्हणजे अधिक चांगल्या जागेसाठी, थांबणाऱ्याने यादीत हातातल्या जागेच्या वर फक्त तीच कॉलेजे ठेवावीत जी तिच्यापेक्षा खरोखर हवी आहेत. केंद्राच्या पहिल्या फेरीतून मोकळेपणाने बाहेर पडता येते, दुसरीपासून अनामत जाऊ शकते आणि शेवटच्या फेऱ्यांत बांधून घेतले जाते. हे नियम दरवर्षी थोडेफार हलतात, तेव्हा त्या वर्षीची पुस्तिकाच प्रमाण मानावी.

क्रम कशावर ठरवावा? कटऑफची यादी फक्त इतरांनी काय निवडले एवढेच सांगते. वैद्यकीय कॉलेज म्हणजे मुळात त्यामागचे रुग्णालय. १८४५ चे मुंबईचे ग्रँट, १९२६ चे केईएमचे सेठ जी. एस., पुण्याचे बी. जे., नागपूरचे मेडिकल येथे रुग्णांची रीघ असते, दुर्मीळ आजारही विद्यार्थीदशेतच पाहायला मिळतात आणि अनुभवी शिक्षक असतात. पण वर्गात दोन-अडीचशे मुले आणि प्रत्येक रुग्णाभोवती निवासी डॉक्टरांचे कडे असल्याने एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला पुढे सरकून जागा मिळवावी लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा शासकीय कॉलेजे सुरू झाली, त्यांत गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, जालना यांचा समावेश आहे. अशा नव्या ठिकाणी वर्ग १०० जणांचा असतो आणि निवासी डॉक्टर कमी असल्याने हात लावायला लवकर मिळते. मात्र प्राध्यापकांची पदे किती भरली आहेत, वसतिगृह बांधून झाले आहे की भाड्याच्या इमारतीत आहे, ही चौकशी करावीच. चौकशी कार्यालयात नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडे करावी. ओपीडीत रोज किती गर्दी असते, वॉर्डात शिकवायला कोण येते, मेस कशी आहे आणि रात्री वाचनालय किती वाजता बंद होते, एवढे चार प्रश्न पुरतात.

खर्चाचेही बोलायला हवे. खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. त्याशिवाय वसतिगृह व मेसचा आकडा वेगळा विचारावा. खासगी कॉलेजांच्या संस्थात्मक कोट्यातील (संस्थेसाठी राखलेल्या) जागांचे शुल्क कित्येक पट असते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास, २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावर दरवर्षी नव्याने करावा लागतो.

कॉलेजातले दिवस

पहिले वर्ष शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या तीन विषयांचे असते. डिसेक्शन हॉलमध्ये (शवविच्छेदनाच्या दालनात) पहिल्या दिवशी फॉर्मॅलिनने डोळ्यांना धारा लागतात. एका टेबलाभोवती बऱ्याच जणांची बॅच उभी असते आणि टेबलावर देहदान केलेल्या कोणाचा तरी देह असतो. बहुतेक ठिकाणी त्या देहाप्रति आदराची शपथ घेतल्यावरच स्कॅल्पेल हातात दिले जाते. पहिल्या काही आठवड्यांत एखादे मूल चक्कर येऊन बाहेर बसते, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. खरा धक्का वेगळाच असतो: शाळेत कायम पहिला येणारा विद्यार्थी येथे पहिल्या व्हायवात (तोंडी परीक्षेत) गप्प होतो, कारण आजूबाजूचे सगळेच शाळेत पहिले आलेले असतात. मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी पुस्तकांनी सुरुवातीचे दोन-तीन महिने जड जातात. त्यांनी भाषांतर करत बसण्याऐवजी आकृती काढून मोठ्याने बोलत अभ्यास करावा, कारण व्हायवात बोलताच यावे लागते.

हजेरीचा नियम कडक आहे. तासांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. पहिल्या वर्षाच्या परीक्षेसाठी जास्तीत जास्त चार संधी आणि पूर्ण अभ्यासक्रमासाठी नऊ वर्षे अशी मर्यादा आहे. राज्यभरातील बहुतेक कॉलेजांची परीक्षा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते, त्यामुळे जुन्या प्रश्नपत्रिका सीनिअर्सकडे सहज मिळतात.

दुसऱ्या वर्षी विकृतिशास्त्र, औषधशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र येते आणि सकाळी वॉर्डातले पोस्टिंग नियमित सुरू होते. केस घेणे म्हणजे काय ते येथे कळते. पलंगाजवळ उभे राहून विद्यार्थी पाठ केलेल्या क्रमाने प्रश्न विचारू लागतो. त्या आजीला मात्र आधी आपला मुलगा भेटायला येत नाही हे सांगायचे असते आणि खोकल्याची गोष्ट सगळ्यांत शेवटी येते. ऐकून घेणाऱ्याच्या हाती ती गोष्ट लागते. निदान चुकले तर सर सर्वांसमोर उभे करतात, पण पुढे तेच निदान जन्मभर विसरले जात नाही.

आताच्या अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक उपक्रमही आहे: विद्यार्थ्याला गावातील काही कुटुंबे नेमून दिली जातात आणि पहिल्या वर्षापासून त्यांच्याकडे जाऊन रक्तदाब, वजन, लसीकरण, पाण्याची सोय यांची नोंद ठेवायची असते. मन लावून केले तर हे काम वर्गापेक्षा जास्त शिकवते. पुष्कळ जण मात्र जर्नल भरण्यापुरतेच ते उरकतात. संशोधनाची गोडी असलेल्यांसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना आहे. त्यासाठी मार्गदर्शक शिक्षक लवकर गाठावा.

वसतिगृहात अभ्यासाइतकेच गॅदरिंग, क्रिकेट, नाटक आणि पहाटेपर्यंतच्या गप्पाही असतात आणि त्या टाळून कोणी फार पुढे गेल्याचे मी पाहिलेले नाही. सीनिअर्सशी ओळख हवी, रॅगिंग सहन करू नये. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे आणि १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करता येते. झोप उडाली, जेवण सुटले, परीक्षेच्या विचाराने हातपाय गळू लागले, तर कॉलेजच्याच मानसोपचार विभागात जावे; आधीच्या पुष्कळ बॅचेसमधली मुले तेथे जाऊन आलेली असतात.

साडेचार वर्षांनंतर एक वर्षाची इंटर्नशिप असते आणि त्यातले १२ आठवडे सामाजिक वैद्यकशास्त्राकडे असतात, म्हणजे मोठ्या प्रमाणात ग्रामीण व नागरी आरोग्य केंद्रांत. याच वर्षी नीट पीजीच्या अभ्यासाचा ओढा सुरू होतो आणि सही करून वाचनालयात पळण्याचा मोह होतो. टाके घालणे, शिरेत सुई लावणे, प्रसूती करणे ही कामे मात्र पुढे कोणी हात धरून शिकवणार नाही, त्यामुळे कॅज्युअल्टी आणि लेबर रूमच्या ड्यूट्या तरी सोडू नयेत. इंटर्नशिप पूर्ण झाली की महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे कायमची नोंदणी होते. शासकीय व महानगरपालिकांच्या कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्यांना त्यानंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा करावी लागते. तिच्या अटी प्रवेशाच्या दिवशी सही करायला दिलेल्या बंधपत्रातच छापलेल्या असतात, तेव्हा ते पालकांसह पूर्ण वाचून त्याची एक प्रत घरी ठेवावी.