जुन्या कॉमिक्समधून आपल्या कॉमिक्ससाठी काय घ्यावे आणि कसे घ्यावे

स्वतःचे पहिले कॉमिक्स काढायला बसलेल्या माणसाच्या हातून बहुधा आवडत्या नायकाचीच छबी आधी उमटते. हे स्वाभाविक आहे. पण नायकाचा चेहरा आणि पोशाख हा आपल्याला सर्वांत कमी उपयोगी पडणारा भाग असतो, कारण तो ज्याचा त्याचाच राहतो. चित्रकाराने एखादा प्रसंग किती चौकटींत मांडला, कुठे वेग घेतला, कुठे रेंगाळला आणि कोणती गोष्ट मुद्दाम दाखवली नाही, हे निर्णय मात्र अभ्यासता येतात आणि अगदी वेगळ्या गोष्टीतही वापरता येतात. प्रेरणा घ्यायची ती या निर्णयांपासून.

त्यासाठी संपूर्ण पुस्तक न घेता मनात राहिलेले एकच पान निवडावे. त्यातील संवादांचे फुगे कागदाच्या तुकड्यांनी झाकून केवळ चित्रांवरून काय कळते ते पाहावे. मग कोऱ्या कागदावर त्या पानाचा छोटा आराखडा काढावा आणि प्रत्येक चौकटीत एकेक वाक्य लिहावे: कोण दिसते आहे, किती जवळून दिसते आहे, आणि आधीच्या चौकटीपासून किती वेळ गेला आहे. हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण कॉमिक्समधला काळ दोन चौकटींमधल्या मोकळ्या पट्टीत सरकतो आणि तो भरून काढण्याचे काम वाचक करतो. स्कॉट मॅक्लाउड यांनी 1993 च्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ या पुस्तकात एका चौकटीतून दुसरीत जाण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. पाश्चात्त्य कॉमिक्समध्ये एका कृतीकडून दुसऱ्या कृतीकडे जाण्यावर भर असतो, तर जपानी मांगामध्ये एकाच जागेची निरनिराळी अंगे दाखवत काळ जणू थांबवून ठेवण्याची रीतही भरपूर आढळते, हे त्यांचे निरीक्षण आपल्या आवडत्या पानांवर जरूर पडताळून पाहावे.

आता तोच आराखडा ठेवून आतला प्रसंग बदलावा. मूळ पानावर पाठलाग असेल, तर आपल्या पानावर एसटी स्टँडवर शेवटची गाडी गाठायला धावणारी मुलगी घ्यावी. एक चौकट काढून टाकून पाहावी, एक वाढवून पाहावी, शेवटची चौकट पानभर मोठी करून पाहावी. मूळ चित्रकाराने तीच रचना का निवडली, हे नुसत्या वाचनाने कळत नाही. असे मोडतोड करून काढताना ते हाताला कळते. हुबेहूब नक्कल करण्याचा सरावही उत्तमच आहे, फक्त ती नक्कल सरावाच्या वहीत राहावी.

एकाच चित्रकारावर भक्ती जडली असेल, तर त्याच्या मागे जाऊन त्याला कोण आवडत असे ते शोधावे. टिनटिनचा निर्माता एर्जे हा अमेरिकन चित्रकार जॉर्ज मॅकमॅनस यांच्या स्वच्छ रेषेचा चाहता होता. त्यांच्या पात्रांची नाके आपल्याला फार आवडत, असे तो सांगत असे. मात्र 1934 मध्ये सुरू झालेल्या ‘द ब्लू लोटस’ या कथेसाठी त्याने चीनविषयीची माहिती इतर कॉमिक्समधून उचलली नाही, तर ब्रसेल्समध्ये शिकणाऱ्या झांग चोंगरेन या चिनी विद्यार्थ्याकडून समजून घेतली, आणि त्या कथेतील रस्ते, पाट्या व माणसे आधीच्या कथांपेक्षा कितीतरी खरी उतरली. सांगण्याची रीत पूर्वसूरींकडून आणि सांगायचा ऐवज प्रत्यक्ष जगातून, ही वाटणी आपणही पाळावी.

आपल्याकडचे उदाहरणही याच दिशेचे आहे. 1964 साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सने वेताळ (मूळ इंग्रजीत ‘फँटम’) आणि मॅन्ड्रेक यांसारखे परदेशी नायक मराठीसह अनेक भारतीय भाषांतल्या वाचकांपर्यंत नेले. त्याच मालिकेत 1976 मध्ये आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारलेला बहादूर आला. साहसकथेचा साचा तोच होता. पण मुखवट्याच्या जागी भगवा कुर्ता आणि जीन्स आली आणि जंगलाच्या जागी चंबळच्या दरोडेखोरांचा प्रश्न आला. साचा घेऊन त्यात आपल्या भूमीचा प्रश्न ओतणे म्हणजे काय, हे मला याहून नेमके क्वचितच दिसले आहे.

मांगापासून प्रेरणा घेणाऱ्यांनी वाचनाची दिशा ध्यानात ठेवावी. मूळ मांगा उजवीकडून डावीकडे वाचला जातो. मराठी वाचकाची नजर डावीकडून उजवीकडे जाते, म्हणून पात्रांची धाव, फुग्यांचा क्रम आणि पान उलटण्यापूर्वीची उत्कंठेची चौकट हे सारे फिरवून घ्यावे लागते. आपल्या छापील पुस्तकात ती चौकट उजव्या हाताच्या पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात येते.

देवनागरी अक्षरांकडे तर विशेष लक्ष द्यावे, कारण इथे इंग्रजी कॉमिक्सची नक्कल हमखास फसते. इंग्रजी फुग्यांत बहुधा सगळी मोठी अक्षरे असतात आणि ओळी एकमेकींना चिकटून बसतात. आपल्या ओळींच्या वर वेलांट्या व मात्रा आणि खाली उकार व जोडाक्षरे येतात, म्हणून ओळींत अंतर जास्त लागते आणि फुगा सुरुवातीपासूनच मोठा धरावा लागतो. याउलट आपल्याकडे शिरोरेषा आहे: ती घाबरलेल्या माणसाच्या बोलण्यात थरथरती काढता येते, ओरडण्यात जाड करता येते, दमलेल्या आवाजात तुटक ठेवता येते. हाक लांबवायला ‘आईऽऽऽ’ अशी सोय आहे. आवाजांसाठीही परक्या शब्दांची उसनवारी नको. धप्प, खळ्ळकन, फट्ट, सळसळ, चर्रर्र हे शब्द आपल्या कानांत आधीपासून आहेत आणि चित्राचा भाग म्हणून ते फार देखणे दिसतात.

चौकटीच मोडायच्या असतील, तर दुर्गाबाई व सुभाष व्याम यांनी चितारलेले, डॉ. आंबेडकरांवरील 2011 चे ‘भीमायन’ बारकाईने पाहावे. परधान गोंड परंपरेतल्या या चित्रकारांनी ठरावीक चौकटी नाकारून दिग्ना या भित्तिचित्रांच्या नक्षीने पाने विभागली. सौम्य बोलण्याला पक्ष्याच्या आकाराचा फुगा आणि विषारी बोलण्याला विंचवाच्या नांगीची शेपटी, हा त्यांचा शोध आहे. तो उचलू नये. आपल्या भागातल्या भिंतींवर, गोधड्यांवर, रांगोळीत तसे काय सापडते ते शोधावे.

कायद्याचीही मर्यादा माहीत असावी. प्रताधिकार कायदा, 1957 नुसार चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे त्याच्या कलाकृतीला संरक्षण असते. कल्पनेवर कोणाची मालकी नसते, तिच्या विशिष्ट आविष्कारावर असते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले. रात्री शहरात फिरणारा मुखवटाधारी नायक कोणीही काढू शकतो; मात्र एखाद्या प्रसिद्ध नायकाचे नाव, रूप आणि चिन्ह छापून विकता येत नाही.

पाने तयार झाली की मूळ कॉमिक्स वाचलेल्या एखाद्या मित्राला ती काही न सांगता दाखवावीत. चेहरा किंवा पोशाख पाहून त्याने मूळ नाव घेतले, तर ते पात्र पुन्हा नव्याने काढावे. एखाद्या शांत पानावर रेंगाळताना त्याला ते नाव आठवले, तर पान तसेच ठेवावे आणि ऋणनिर्देशात त्या चित्रकाराचा उल्लेख करावा.