खुब्याचं इम्प्लांट पेशंटच्या हाडाला कसं जुळवायचं

गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) ऑर्थोला, म्हणजे हाडांच्या विभागात, नवीन लागलेल्यांनो, आधी दोन्ही खुब्यांचा सरळ एक्स-रे घ्या, पाय 15 अंश आत वळवून, शेजारी ठाऊक मापाचा गोळा ठेवून, नाहीतर साइझ चुकतो. मग मांडीच्या हाडाची पोकळी बघा. वर रुंद, खाली निमुळती नि भिंती जाड असतील तर सिमेंटशिवायचा स्टेम (इम्प्लांटचा मांडीच्या हाडात जाणारा दांडा) छान बसतो, पण म्हापशाच्या एखाद्या ऐंशीच्या आजीचं हाड पाइपसारखं सरळ नि पातळ झालेलं असतं, तिथे माझ्या मते सिमेंटच, उगाच फ्रॅक्चरचा धोका कशाला घ्यायचा. ऑफसेट, म्हणजे खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून मांडीच्या हाडाच्या मधल्या रेषेपर्यंतचं आडवं अंतर, कमी पडला की स्नायू ढिले पडतात नि सांधा निसटू शकतो, तेव्हा पाय लांब करून ताण आणू नका, हाय ऑफसेट स्टेम घ्या. कपाचा (कटीच्या हाडात बसणाऱ्या वाटीचा) कल साधारण 40 अंश. कंबर आखडलेली असेल तर मात्र पेशंटला बसवून आणि उभं करून एक्स-रे काढा, मगच कप किती पुढे वळवायचा ते ठरवा.