फ्लॅटमध्ये राहून पोस्ट-रॉक गिटार कशी वाजवावी

पोस्ट-रॉकमध्ये बहुतेक वेळा गायक नसतो. सात-आठ मिनिटं सूर हळूहळू चढतो आणि शेवटी अंगावर कोसळतो. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये मात्र कोसळायला मर्यादा आहे. निवासी भागासाठी आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५. वरचं टोक बांधलेलंच असल्यामुळे चढ हवा असेल तर सुरुवात खाली न्यावी लागते.

१. आधी शेवट लावा. ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारं पेडल) चालू करून सहाही तारा जोरात वाजवा आणि ते लूपरवर (वाजवलेलं पुन्हा पुन्हा ऐकवणारं पेडल) चालू ठेवा. दार लावून जिन्यात जा आणि फोनवरच्या मीटरने अंदाज घ्या. तिथे जो मास्टर व्हॉल्यूम चालेल तो कायम ठेवा, नंतर त्याला हात लावायचा नाही. १० ते १५ वॉटचा ॲम्प पुरतो, पण तो जमिनीवर ठेवू नका. खर्जाचा आवाज स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो. जाड रबर घातलेलं स्टूल घ्या.

२. गिटारपासून ॲम्पकडे पेडलचा क्रम: ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, व्हॉल्यूम पेडल, डिले (सुराचे पडसाद देणारं), रिव्हर्ब (मोठ्या दालनासारखी घुमणारी शेपटी देणारं), शेवटी लूपर. व्हॉल्यूम पेडल बरोबर इथेच हवं. टाच दाबून आवाज बंद केला तरी डिलेचे पडसाद विरत राहतात आणि ओव्हरड्राइव्हचा पोत बदलत नाही. रिव्हर्ब ओव्हरड्राइव्हच्या आधी गेला तर सुरांचा चिखल होतो. शूगेझ या धूसर, गोंगाटी रॉकवाले तो मुद्दाम करतात, पण पोस्ट-रॉकमध्ये एकेक सूर सुटा ऐकू यायला हवा.

डिजिटल पेडलना साधारण १०० ते ३०० मिलिॲम्पिअर लागतात. एकाच अडॅप्टरला फाटे फोडून सगळी चालवली की बारीक शिट्टी घुसते. त्यासाठी आयसोलेटेड, म्हणजे प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणाऱ्या, आउटपुटचा पॉवर सप्लाय घ्या. तरीही गुरगुर राहिली तर पंख्याचा रेग्युलेटर बघा. सिंगल-कॉइल पिकअप (तारांखालचं एकाच गुंडाळीचं चुंबक) त्याची भणभण हमखास पकडतो. पंखा पूर्ण वेगावर किंवा बंद करून बघा, नाहीतर गिटार घेऊन काटकोनात वळून बसा.

३. डिलेचा वेळ कानाने शोधत बसू नका. ४५,००० ला गाण्याच्या बीपीएमने (मिनिटाला किती ठोके) भागा, डॉटेड एट्थचे, म्हणजे पाऊण ठोक्याचे, मिलिसेकंद मिळतात. ७५ च्या लयीला ६००. पडसाद चार-पाच, मिक्स ३५ टक्के. रिव्हर्बची शेपटी ४ ते ६ सेकंद. सोय असेल तर रिव्हर्बमधून २०० हर्ट्‌झच्या खालचं कापा, गढूळपणा बहुधा तिथूनच येतो.

४. आता चढ. पहिला थर बोटांनी, पिकशिवाय, व्हॉल्यूम पेडल अर्ध्याच्याही खाली ठेवून लूपरमध्ये घ्या: जाड तारांवर दोनच सूर. दुसरा मधल्या तारांवर. तिसरा बाराव्या पडद्याच्या पुढे, ट्रेमोलो पिकिंगने, म्हणजे एकच सूर पिकने भराभर वरखाली छेडत. पिकचं फक्त दोन-तीन मिलिमीटर टोक तारेला लागू द्या, हालचाल मनगटातून. कोपर ताठ झालं की अर्ध्या मिनिटात हात भरून येतो. चार थरांपुढे जाऊ नका, कारण पाचवा बहुतेक वेळा आधीच्याच पट्टीत बसतो आणि सगळं सपाट होतं.

इथे हमखास निराशा होते: ओव्हरड्राइव्ह दाबलं, आवाज खरखरीत झाला, पण मोठा वाटत नाही. ओव्हरड्राइव्ह आवाजाची टोकं दाबतं, म्हणून जोरात वाजवलेल्या स्वच्छ सुरापेक्षा ते फारसं वर जात नाही. अशा वेळी शेवट वाढवू नका. पहिला थर पुसा आणि आणखी हळू घ्या. कोसळण्याआधी एक पूर्ण आवर्तन लूप बंद ठेवून नुसते पडसाद वाजू दिले, तर त्याच पातळीवरचा शेवट कितीतरी मोठा वाटतो.

५. रात्री १० नंतर हेडफोन. पेडलमधून थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये (गिटार कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र) गेलात तर ओव्हरड्राइव्ह डासासारखं गुणगुणतं, कारण स्पीकर वरची पट्टी कापतो आणि इथे स्पीकरच नाही. साखळीच्या शेवटी कॅबिनेट सिम्युलेशन (ॲम्पच्या स्पीकरची नक्कल) लावा. रेकॉर्डिंगच्या मीटरवर (तिथे शून्य म्हणजे कमाल) शेवट उणे ६ डेसिबलवर, सुरुवात उणे २४ च्या आसपास.

पावसाळ्यात गिटार भिंतीला टांगून ठेवू नका. केसमध्ये सिलिका जेल ठेवा, वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा. नॉब फिरवताना खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून तो वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवा.