शिळ्याचं नवं करताना या चुका टाळा

फोडणीचा भात गिच्च गोळा होतो, फोडणीची पोळी वातड लागते, उरलेल्या भाजीचे पराठे लाटताना फाटतात. एक-दोनदा असं झालं की घरातले नाकं मुरडतात आणि पुढच्या वेळी उरलेलं अन्न थेट कचऱ्याच्या डब्यात जातं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातला ६० टक्के वाटा घरांचा होता. म्हणजे लग्नाच्या पंगतींना नावं ठेवण्याआधी आपला ओटा बघायला हवा.

शिळ्याचं पुढे काय होणार हे रात्री झाकपाक करतानाच ठरतं, असं माझं ठाम मत आहे. सकाळी कितीही खमंग फोडणी दिली तरी रात्री केलेली हयगय भरून निघत नाही. म्हणून सुरुवात रात्रीपासूनच करते.

भात कुकरमध्येच राहू देणं

जेवणं आटोपली, कुकरच्या भांड्यात दोन वाट्या भात उरला, वर ताटली झाकली आणि दिवे मालवले. ही चूक घरोघरी होते आणि सगळ्यांत महागात पडते तीही हीच. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. भात शिजला तरी ते मरत नाहीत. भात कोमट होऊन तसाच पडून राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस हा जिवाणूंना मानवणारा पट्टा, आणि झाकलेल्या कुकरमधला भात या पट्ट्यात रात्रभर राहतो. त्यातून होणाऱ्या विषांपैकी उलट्या करवणारं विष इतकं चिवट असतं की भात पुन्हा चांगला गरम केला तरी ते नष्ट होत नाही. ‘कडकडीत फोडणीत सगळे जंतू मरतात’ हा समज म्हणूनच घातक आहे. जंतू मरतात, विष राहतं. वास मात्र बऱ्याचदा अजिबात बदललेला नसतो.

उपाय अगदी सोपा आहे. उरलेला भात परातीत किंवा मोठ्या ताटात पातळ पसरवा. पंख्याखाली वीसेक मिनिटांत त्यातली वाफ निघून जाते. मग उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. शिजल्यापासून दोन तासांच्या आत हे व्हायला हवं आणि एप्रिल-मे महिन्यांत, स्वयंपाकघर भट्टीसारखं तापलेलं असताना, तासाभरातच. दुसऱ्या दिवशी तो भात संपवून टाका.

‘गरम वस्तू फ्रिजमध्ये ठेवू नये’ या सांगण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. वाफाळतं मोठं पातेलं आत सरकवलं तर शेजारचं दूधही तापतं, हे खरं. पण भांडं पूर्ण गार होण्याची वाट बघत झोपून जाणं त्याहून वाईट. उथळ डब्यात काढलेलं, हाताला जेमतेम कोमट लागणारं अन्न खुशाल आत ठेवा.

कुणी म्हणेल, आमचे आजोबा तर पाण्यात घातलेला भात सकाळी खायचे. पाण्यात भिजवून मुद्दाम आंबवलेला भात हा वेगळाच प्रकार आहे. ओडिशातला पखाळ तसाच. त्यात आंबटपणा धरतो आणि त्याची स्वतःची एक रीत असते. कुकरमध्ये विसरून राहिलेल्या भाताशी त्याचा काही संबंध नाही.

भात असा गार करून ठेवण्याचा चवीलाही फायदा होतो. थंडाव्याने भातातलं पिष्ट घट्ट होतं आणि शितं सुटी होतात. फोडणीचा भात गिच्च होण्याचं कारण बहुतेक वेळा ‘भात मऊ आणि गरम होता’ हेच असतं. फ्रिजमधून काढलेल्या भाताचा गोळा झाला असेल तर कढईत टाकून डावाने ठेचू नका. हाताला तेलाचं बोट लावा आणि गोळे बाहेरच मोकळे करा. शितं कडक वाटली तर कढईत भात परतून झाल्यावर पाण्याचा किंवा ताकाचा एक हबका मारा, झाकण ठेवा आणि दणदणीत वाफ येऊ द्या. ताटलीखालून वाफ फसफसून बाहेर आली पाहिजे, तेव्हा भात आतपर्यंत तापला असं समजा.

आमटी पुन्हा पुन्हा उकळणं

सकाळची आमटी दुपारी उकळली, रात्री उकळली, आणि तरी वाटीभर राहिली म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळली. प्रत्येक वेळी ती गरम होऊन हळूहळू निवते आणि त्या निवण्याच्या वेळात जिवाणूंचं फावतं. लागेल तेवढीच वेगळी काढून खळखळून उकळा, बाकीची फ्रिजमधून हलवूच नका. ओल्या खोबऱ्याच्या वाटणाची आमटी, नारळाच्या दुधाची सोलकढी, खोबऱ्याची चटणी हे पदार्थ फार लवकर विटतात. त्यांना जेवणाच्या टेबलावर तासन्‌तास ठेवू नये. आणि उष्टा चमचा भांड्यात घालायचा नाही, हा आजीचा नियम इथे शब्दशः पाळायचा.

माशाचं कालवण दुसऱ्या दिवशी जास्त चवदार लागतं, हे कोकणात कुणाला सांगायला नको. गोव्यात तर काल्ची कडी म्हणून आदल्या दिवशीचं हुमण मंद आचेवर आटवून दाट करतात आणि पावाबरोबर खातात. चव मुरण्यासाठी ते रात्रभर ओट्यावर ठेवावं लागत नाही, फ्रिजमध्येही छान मुरतं. मासे मोडू नयेत म्हणून कालवण नुसतं कोमट करणारे पुष्कळ जण आहेत. तसं न करता तुकड्या अलगद बाजूला काढा, रस उकळा आणि मग तुकड्या त्यात सोडून पुन्हा एक उकळी आणा.

सगळे डबे एकसारखे

स्टीलच्या डब्यात काय आहे ते दिसत नाही आणि न दिसलेलं अन्न खाल्लं जात नाही. फ्रिजचा एक कप्पा, तोही डोळ्यांसमोरचा, उरलेल्यासाठीच राखून ठेवा. डब्यावर कागदी चिकटपट्टी लावून वार लिहा. नीट ठेवलेली भाजी-आमटी तीन दिवस चालते. त्याच्या पुढचं ‘अजून बरं दिसतंय’ म्हणून खाऊ नका.

पोळीचा भुगा करणं

फोडणीची पोळी बिघडते ती मिक्सरमुळे. पोळ्या तुकडे करून भांड्यात टाकल्या आणि बटण दाबून धरलं की निम्म्याचं पीठ होतं. ते पीठ फोडणीतलं तेल शोषून घेतं आणि उरलेले तुकडे कोरडे ठणठणीत राहतात. हातानेच कुस्करलेली उत्तम. मिक्सर वापरायचाच असेल तर एक-दोन झटके द्या आणि थांबा. तुकडे साधारण पोह्याएवढे हवेत.

दुसरी चूक कांद्याची. कांदा पारदर्शक होऊन कडेने गुलाबी व्हायला लागेपर्यंत धीर धरा, कारण पोळीला लागणारा ओलावा आणि गोडवा तोच देतो. मग कुस्करा घालून सगळीकडे हळद लागेपर्यंत परता. त्यानंतर आंबट ताकाचे दोन-तीन हबके, चिमूटभर साखर, झाकण आणि बारीक गॅसवर वाफ. वातडपणा येतो तो वाफ न दिल्याने किंवा झाकण काढून उगाच परतत बसल्याने. खाली थोडी खरपूस बसली तर खरवडून वर घ्या, तो भाग घरात सगळ्यांत आधी संपतो.

पोळ्या फ्रिजमध्ये ठेवल्या की जास्तच कडक होतात, कारण थंडाव्याने त्या लवकर शिळवटतात. सकाळी लगेच वापरायच्या असतील तर कापडात गुंडाळून डब्यात बाहेर ठेवा, आणखी टिकवायच्या तर फ्रीजरमध्ये. पावसाळ्यात मात्र बाहेर ठेवलेली पोळी उजेडात नीट बघून घ्या. एका पोळीवर बुरशीचा ठिपका दिसला तर ती अख्खी टाका आणि तिला चिकटलेल्याही टाका. ठिपका खुडून बाकीची वापरता येत नाही, बुरशीचे धागे न दिसता आत पसरलेले असतात.

शिळ्या ज्वारीच्या भाकरीला पोळीचे नियम लागू नाहीत. ती फोडणीत कोरडी घातली तर घशाखाली उतरत नाही. आधी ताकात दहा मिनिटं भिजू द्या आणि मग लसूण-मिरचीची चरचरीत फोडणी वरून ओता.

उरलेल्याला कोरं समजणं

उरलेल्या आमटीत, भाजीत, वरणात मीठ आणि तेल आधीच असतं. थालीपीठ खारट होतं ते हे विसरल्याने. मीठ फक्त नव्याने घातलेल्या पिठापुरतं घाला. पिठात पाणी आणि आमटी दोन्ही घातलं तर गोळा सैल होतो आणि थापताना कापडाला चिकटतो. पाणी वगळा, आमटीनेच भिजवा, कमी पडलं तरच पाण्याचा हात लावा.

पराठे फाटतात कारण भाजीत पाणी असतं. भाजी कढईत कोरडी होईपर्यंत परता, मोठ्या फोडी मोडा, तरीही ओलसर वाटली तर चमचाभर भाजलेलं बेसन मिसळा. सारण पूर्ण गार झाल्यावरच भरा. रस्साभाजी असेल तर पराठ्याचा नाद सोडून थालीपीठच लावा.

उरलेल्या वरणात चकोल्या सोडताना वरणाचा घट्टपणा नडतो. फ्रिजमधलं वरण गोळ्यासारखं झालेलं असतं, त्यात चकोल्या आतून कच्च्या राहतात आणि भांड्याला खाली लागतं. गरम पाणी घालून वरण सारखं करा, खळखळ उकळू द्या आणि मग एकेक चकोली सुटी सोडा.

सगळं उरलेलं एकाच कढईत ढकलून ‘मिक्स भाजी’ करणं ही तर अन्नाची आणि खाणाऱ्याचीही हेळसांड. फ्लॉवर, बटाटा, वाटाणा, टोमॅटो यांची पावभाजी छान होते. कारलं, मेथी, गवार यांना त्यात ओढू नका. एका कडवट घासापायी सगळं पातेलं टाकावं लागतं.

आंबट झालेलं आणि विटलेलं

दोन दिवसांचं आंबट दही कढीला, ढोकळ्याला, धिरड्याला उत्तम. कढी फुटत असेल तर बेसन गार ताकातच घुसळून घ्या, गॅस मंद ठेवा आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहा. पण दह्यावर गुलाबी-नारिंगी झाक दिसली, बुरशी आली किंवा चव कडू लागली तर तिथेच थांबा. आमटीला न उकळता फेस आला, भाजी उचलताना तार सुटली, भात हाताला बुळबुळीत लागला, तर चाखूनही बघू नका. अन्नाबद्दलचा आदर म्हणून विटलेलं पोटात ढकलणं कुणाच्याच हिताचं नाही.

आणि जे आपण खाणार नाही ते कामाच्या मावशींच्या डब्यात घालणं ताबडतोब बंद करा. द्यायचं तर आपण जेवतो त्याच वेळी, ताजं असताना, त्यांना हवंय का ते विचारून द्या. दोन दिवस फ्रिजमध्ये राहिलेली भाजी देणं म्हणजे आपल्या मनाची टोचणी त्यांच्या माथी मारणं आहे, आणि हे अनेक चांगल्या घरांत बिनदिक्कत चालतं.

सालं, देठ आणि शिरा

दोडक्याच्या शिरांची, दुधीच्या सालीची चटणी, कोथिंबिरीचे कोवळे देठ वाटणात, कोबीचा दांडा किसून थालीपिठात, कलिंगडाचा पांढरा भाग किसून धिरड्यात, ही कामं सोपी आहेत. चटणी ओलसर आणि कचवट लागते ती सालं नीट न भाजल्याने. थोड्या तेलावर ती कुरकुरीत होईपर्यंत परता, तीळ आणि सुकं खोबरं वेगळं भाजा, गार झाल्यावर एकत्र कुटा.

एक गोष्ट मात्र काटकसरीच्या बाहेर ठेवा. दुधी किंवा दोडका चिरताना फोड जिभेवर टेकवून बघा. कडू लागली तर साल, गर, बिया सगळं टाकून द्या आणि तोंड धुवा. कुकरबिटासिन नावाच्या द्रव्यामुळे हा कडूपणा येतो, शिजवून तो जात नाही, आणि कडू दुधीचा रस प्यायल्याने माणसं दगावल्याची उदाहरणं आपल्याच देशात आहेत. साखर-गूळ घालून तो झाकू नका.