सोसायटीतल्या जांभळांचा शिरका

मुंबईत सफरचंद पिकत नाही. वाशीच्या बाजारात येते ते हिमाचल-काश्मीरचे. इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात बागेतल्या सफरचंदांचे सायडर, म्हणजे फळाच्या रसाचे सौम्य मद्य, करतात आणि तेच सायडर हवेत उघडे राहिले की त्याचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, होतो. आपल्याकडे मे-जूनमध्ये सोसायटीच्या आवारात जांभळांचा सडा पडतो, पायाखाली चिरडला जातो आणि झाडूने गोळा होऊन कचऱ्यात जातो. त्या फळाचे असे वाया जाणे मला अजूनही पाहवत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य करता येत नाही, म्हणून आपला मुक्काम सायडर नसून शिरका आहे, हे सर्वांना आधीच सांगून ठेवावे.

जांभळाचे लाकूड ठिसूळ असते, त्यामुळे झाडावर कोणालाही चढू देऊ नये. पहाटे झाडाखाली जुन्या चादरी अंथराव्यात आणि हाताला लागतील त्या फांद्या आकडीने हलक्या हलवाव्यात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून फळे आणू नयेत. ती तिथल्या पशुपक्ष्यांची आहेत. रहदारीच्या रस्त्यालगत धुळीत पडलेली फळेही सोडून द्यावीत. फुटलेले जांभूळ चालते, पण बुरशी आलेले एकही बरणीत जाता कामा नये.

पाच किलो जांभळे पाण्यातून हलकेच काढून निथळू द्यावीत. सालीवर नैसर्गिक यीस्ट असते, म्हणून फार चोळून धुऊ नयेत. मग हाताने कुस्करून बिया वेगळ्या कराव्यात. मिक्सर वापरू नये, कारण बी फुटली की कडवट चव उतरते आणि ती शेवटपर्यंत जात नाही. गरात दोन लिटर उकळून गार केलेले पाणी आणि ३०० ग्रॅम साखर मिसळून, उकळत्या पाण्याने धुऊन वाळवलेल्या चिनी मातीच्या बरणीत तो दोन-तृतीयांशच भरावा, कारण फसफसून वर आलेला चोथा काठोकाठ भरलेल्या बरणीतून हमखास ओसंडतो. तांबे, पितळ किंवा ॲल्युमिनियमचे भांडे आम्लामुळे झिजते, म्हणून ते टाळावे.

बरणीला धुतलेले मलमलचे दुहेरी फडके घट्ट बांधावे; सैल राहिले तर चिलटे आत शिरतात. मुंबईच्या उकाड्यात दुसऱ्या दिवसापर्यंत बुडबुडे दिसू लागतात. रोज दोनदा लाकडी डावाने चोथा खाली दाबावा, कारण वर कोरडा राहिलेल्या चोथ्यावर बुरशी धरते. चार-पाच दिवसांनी बुडबुडे मंदावले की रस गाळून घ्यावा.

यापुढचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि बहुतेकांचा शिरका इथेच बिघडतो. रसातल्या साखरेचे यीस्टने मद्य केलेले असते. त्याचे ॲसेटिक आम्ल करणारे जिवाणू मात्र हवेशिवाय काम करत नाहीत. म्हणून झाकण कधीही लावू नये, रुंद तोंडाची बरणी घ्यावी आणि रसाच्या पाव भाग इतका न तापवलेला, ‘मदर’ (म्हणजे याच जिवाणूंचा जेलीसारखा थर) असलेला शिरका विरजण म्हणून मिसळावा. दह्याला विरजण लावताना आपण भांडे हलवत नाही, तसेच इथेही करावे: अंधाऱ्या, हवेशीर कपाटात ते सहा ते आठ आठवडे स्थिर ठेवावे. पृष्ठभागावर फिकट, जेलीसारखा थर आला तर आनंद मानावा, कारण तो जिवाणूंचाच संसार असतो. पण हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी दिसली तर वरचा थर काढून वाचवण्याचा मोह टाळून सगळा रस फेकून द्यावा. पावसाळ्यातल्या दमट हवेत फडके ओले झाले की लगेच बदलावे.

मद्याचा वास जाऊन स्वच्छ, झोंबरा आंबटपणा उरला की शिरका तयार झाला असे समजावे. विक्रीच्या शिरक्यात निदान ३.७५ टक्के ॲसेटिक आम्ल असावे लागते. घरच्याचे प्रमाण मोजलेले नसते, म्हणून तो कोशिंबिरीत किंवा पाण्यात पातळ करून वापरावा, टिकाऊ लोणच्याला मात्र नाही. जांभळाच्या नावाने त्याला मधुमेहाचे औषध म्हणून कोणालाही देऊ नये.

गाळलेला शिरका काचेच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून बुचे लावावीत आणि ज्या घरांनी चादरी धरल्या, त्या प्रत्येक घरी एकेक बाटली पोचवावी. तळाशी उरलेली जेली मात्र दोन वाट्या शिरक्यात बुडवून, तोंडाला फडके बांधून ठेवावी. पुढच्या मे महिन्यात विरजण विकत आणावे लागणार नाही.